घरच्या घरी : गिटारीचे झिजलेले पडदे



शिलाई मशीन, स्टोव्ह, सायकल अशा घरातल्या वस्तूंची देखभाल आपण या सदरात पाहत आलो. आज आम्ही एका वाद्याविषयी लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांत ढोलकी आणि पेटी पूर्वीपासून आहेत. आता त्यांच्या जोडीला गिटारही आली आहे. जयंतीच्या ऑर्केस्ट्रात ती दिसते, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दिसते आणि कित्येक घरांत कपाटावर धूळ खात पडलेलीही दिसते. नवी कोरी गिटार घेणारी घरे थोडी. बहुतेकांकडे ती जुनी, कुणी वापरून विकलेली किंवा मामा-काकाने दिलेली असते.

अशा गिटारीवर मूल शिकू लागते. दोन-तीन महिने होतात, पण गाणे काही जमत नाही. एके ठिकाणी दाबले की तार झणझणते, दुसऱ्या ठिकाणी सूर उमटतच नाही. मूल आणखी जोर लावते, बोटांना फोड येतात, तरी आवाज तसाच. घरातले म्हणतात, "अरे, तुझ्या हातात ते नाही. त्यापेक्षा अभ्यास कर." मुलालाही ते खरे वाटते आणि गिटार कपाटावर जाते. आमचे सांगणे असे की, हा निकाल देण्याआधी गिटारीची तपासणी करा. पुष्कळदा दोष मुलाच्या हातात नसतो, गिटारीच्या पडद्यांत असतो. हे पडदे घरी, साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येतात. दुकानात नेली तर जुन्या गिटारीची किंमत आणि मजुरी यांची तोंडमिळवणी होत नाही, म्हणून ती तशीच पडून राहते. घरी वेळ जाईल, पण पैसा फारसा जाणार नाही.

पडदा म्हणजे काय?

गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. वादक मंडळी त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या भाषेत तेच पडदे. फरक इतकाच की, सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि वादक ते सरकवून सूर जुळवतो. गिटारीचे पडदे लाकडातल्या खाचेत ठोकून बसवलेले असतात. व्हायोलिनला तर पडदेच नाहीत, तेथे सूर सर्वस्वी बोटावर अवलंबून. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. बोटाने सूर शोधणे किती चिकाटीचे काम आहे, ते त्या वाद्याला हात लावल्यावरच कळते. गिटारीत ते काम पडदा करतो. म्हणून पडदा बिघडला की चांगले बोटही निरुपयोगी ठरते.

पडद्यांच्या जागा गणिताने ठरलेल्या असतात. खुंट्यांकडच्या बाजूला जी खाचांची पट्टी असते तिला नट म्हणतात. नटापासून घोडीपर्यंतची तारेची लांबी घ्यावी आणि तिला १७.८१७ ने भागावे. येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. मग पहिल्या पडद्यापासून घोडीपर्यंत उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागावी, की दुसरा पडदा. तारेची लांबी ६४८ मि.मी. असेल तर पहिला पडदा सुमारे ३६.४ मि.मी.वर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मि.मी.वर. गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलाला हा हिशेब वहीत करायला सांगा आणि पट्टीने पडताळून पाहायला लावा. जागा अशा पक्क्या असल्यामुळे आपल्याला त्यांना हात लावायचा नाही. आपला प्रश्न आहे तो पडद्यांच्या उंचीचा.

झीज का होते?

पडदे साधारणपणे निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूचे असतात. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. गिटारीच्या पोलादी तारा त्याहून कठीण असतात. तार रोज त्याच जागी दाबली गेली की तेथे खळगा पडतो. नवशिक्याची बोटे पहिल्या तीन-चार पडद्यांवरच फिरत असतात, त्यामुळे खळगे तेथेच आणि बारीक तारांखाली जास्त सापडतात. नायलॉनच्या तारांच्या गिटारीत ही झीज फार कमी होते.

आता तार का झणझणते ते पाहा. पाचव्या पडद्यावर सूर दाबला की तार पाचव्या पडद्यापासून घोडीपर्यंत कंप पावते. पाचवा पडदा झिजून खाली गेला असेल किंवा सहावा वर आला असेल, तर कंप पावणारी तार सहाव्याला घासते. हीच ती झणझण. म्हणजे आवाज पाचव्यावर बिघडला तर नजर सहाव्यावरही टाकली पाहिजे.

आधी तपासणी, मग हत्यार

कामाचा एक क्रम सांगतो, तो मोडू नये. जे उपाय परत फिरवता येतात ते आधी करावेत. कानस सगळ्यात शेवटी. सैल केलेली तार पुन्हा ताणता येते, पण घासून गेलेला धातू परत येत नाही. नवा पडदा लाकडाच्या वर जेमतेम १ ते १.२ मि.मी. असतो, एवढीच काय ती आपली शिल्लक.

पहिली गोष्ट म्हणजे तारा. गंजलेल्या तारा बदलून मग ऐकावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटल्या तर नवल वाटू देऊ नका. गंजकी तार स्वतःच कानशीसारखी पडदा खात असते.

दुसरी गोष्ट म्हणजे मान. तार सुरात लावलेली असताना पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि मान जेथे पेटीला मिळते त्या पडद्यावर दुसऱ्या हाताने एकच तार दाबून धरावी. आता ती तार म्हणजे आपला ओळंबा. मध्ये, सातव्या पडद्याच्या आसपास, तार आणि पडदा यांत बारीकशी फट दिसली पाहिजे. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. एक किंवा दोन कागद सरकतील इतकी फट योग्य. फटच नसेल तर मान मागे झुकली आहे. पोस्टकार्डांची चवड जाईल इतकी फट असेल तर ती पुढे वाकली आहे.

पुष्कळ गिटारींच्या मानेत एक लोखंडी गज असतो. त्याचे तोंड खुंट्यांजवळच्या झाकणाखाली किंवा आवाजाच्या भोकातून आत दिसते. तो एल-कीने फिरवता येतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कसला की पुढे वाकलेली मान सरळ होते. उलट सैल केला की तारांच्या ओढीने मान जराशी पुढे येते. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. कसण्याआधी तारा थोड्या सैल कराव्यात. गज अडत असेल तर जोर करू नये, तो तुटला तर घरी दुरुस्त होत नाही. काही स्वस्त गिटारींत हा गज फिरवता येणारा नसतो. तेथे ही पायरी सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे झणझण कोठे आहे ते नीट नोंदवणे. सहा तारा, आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा, असे एकेक दाबून वाजवा आणि वहीत तक्ता करा. फक्त मोकळी तार झणझणत असेल आणि दाबल्यावर नीट वाजत असेल, तर दोष नटाच्या खाचेत आहे. एखाद-दुसऱ्या जागीच झणझणत असेल तर एखादा पडदा खाली-वर आहे. सगळीकडेच झणझणत असेल तर तारा फार खाली आहेत. घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली जाड कागदाची किंवा लाकडाची पातळ चीप सरकवली की काम होते. हे काम मुलाने करावे, घरातल्या कुणी तक्ता लिहावा. कान कसा तयार होतो, ते या एका संध्याकाळीच दिसेल.

सैल पडदा

उंच दिसणारा पडदा पुष्कळदा उंच नसतो, खाचेतून उठलेला असतो. नखाने किंवा लाकडी काडीने दोन्ही टोके दाबून पाहा. हलत असेल तर तार बाजूला करून पडद्यावर कठीण लाकडाचा तुकडा ठेवावा आणि छोट्या हातोडीने हलके ठोके द्यावेत. मानेखाली, ठोक्याच्या बरोबर खाली, तांदळाची घट्ट पिशवी किंवा घडी घातलेले पोते ठेवावे. ठोकूनही पुन्हा उठत असेल तर बाजूच्या लाकडावर मास्किंग टेप लावून फेविक्विकसारख्या पातळ गोंदाचा एक थेंब खाचेत सोडावा आणि लाकडी ठोकळ्याने दाबून धरावे. बोटे आणि डोळे सांभाळावेत.

सगळे पडदे एका पातळीत आणणे

येथवर करूनही दोष राहिला तरच कानस. स्टीलचा छोटा गुण्या असेल तर त्याच्या पात्याची कड एका वेळी तीनच पडद्यांवर टेकवावी. पाते डगमगले तर मधला पडदा उंच आहे. तो एकटाच असेल तर तेवढ्यावरच काम करावे. अनेक असतील किंवा खळगे खोल असतील तर सगळे पडदे मिळून एका पातळीत आणावे लागतात.

त्यासाठी लागेल ते असे : अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकोनी पाइपाचा सुमारे ४० सें.मी.चा सरळ तुकडा, ३२० नंबरचा वॉटर पेपर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मास्किंग टेप, काळे मार्कर पेन, छोटी त्रिकोणी कानस आणि ४०० पासून १००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर. पाइप खरोखर सरळ आहे की नाही ते आरशाच्या जाड काचेवर ठेवून पाहावे. खालून उजेड दिसला तर दुसरा तुकडा घ्यावा.

तारा हळूहळू सैल करून काढाव्यात. सहा पोलादी तारांची मिळून ६० ते ७५ किलोची ओढ मानेवर असते, म्हणून झटक्याने कापू नयेत. तारा काढल्यावर मान सरळ आहे ना ते पाहून गरज पडल्यास गज सैल करावा. पडद्यांमधले लाकूड टेपने झाकावे. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअपही झाकावेत, कारण त्यांच्या चुंबकाला पोलादी भुसा चिकटतो. मग प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर मार्करने काळी रेघ ओढावी. पाइपाला वॉटर पेपर चिकटवून तो तारांच्या दिशेने, मानेच्या लांबीत, हलक्या हाताने फिरवावा. दाब द्यायचा नाही, पाइपाचे वजन पुरेसे आहे. पोलादी तारांच्या गिटारीची पट्टी बहुधा थोडी गोलसर असते, म्हणून एकाच रेषेत घासू नये. एकेका तारेच्या वाटेने सरकत जावे.

चार-पाच फेऱ्यांनी थांबून पाहा. जेथील काळे पुसले गेले तो पडदा उंच. जेथे काळे तसेच आहे तो खाली. शेवटच्या पडद्यावरचे काळे जरासे पुसले गेले की थांबावे. खळगा पूर्ण जाईपर्यंत घासत बसण्याचा मोह होतो, तो आवरावा. एका वेळी एक-दोन कागदांच्या जाडीपेक्षा जास्त धातू जाता कामा नये.

आमच्या वाचकांत फिटर, टर्नर, सुतार, मोटार मेकॅनिक पुष्कळ आहेत. वरचे वर्णन वाचून त्यांच्या लक्षात आले असेल की, हे काम त्यांच्या ओळखीचे आहे. कारखान्यात फिटर सरफेस प्लेटवर निळा रंग लावतो, त्यावर जॉब घासतो आणि रंग लागलेली उंच जागा कोरून काढतो. येथे निळ्या रंगाच्या जागी काळे मार्कर पेन आहे, एवढाच फरक. आय.टी.आय.त कानस धरायला शिकलेल्या बापाला गिटारीतले काही कळत नसेल, पण हे काम त्याच्या मुलापेक्षा तोच सफाईने करील. मुलाने कानाने दोष शोधावा, बापाने हाताने तो काढावा. ज्या घरात बापाची कारागिरी मुलाला कधी जवळून पाहायला मिळाली नाही, तेथे हा एक रविवार फार मोलाचा ठरेल. आणि आईच्या हाती शिलाई मशीनचे बारीक काम असेल, तर पुढची पायरी तिच्याकडे द्यावी. तेथे नजर आणि धीर दोन्ही लागतात.

माथा गोल करणे

आता पडदे एका पातळीत आले, पण त्यांचे माथे सपाट झाले. सपाट माथ्यावर तार रुंद टेकते आणि पुन्हा झणझणते, सूरही थोडा सरकतो. सतारीची घोडी मुद्दाम अशी रुंद ठेवतात, तिच्या जवारीमुळेच सतारीला तो गुंजणारा आवाज येतो. सतारीत जो गुण, तोच गिटारीत दोष. म्हणून माथा पुन्हा गोल करावा लागतो.

त्रिकोणी कानशीच्या तीनही धारा आधी दगडावर घासून बोथट कराव्यात, म्हणजे लाकूड खरवडले जाणार नाही. पडद्याच्या माथ्यावर पुन्हा मार्करची रेघ ओढावी. कानस तिरपी धरून पडद्याच्या दोन्ही बाजू अशा घासाव्यात की मधोमध केसाइतकी काळी रेघ उरेल. ती रेघ म्हणजे आपण आणलेली पातळी, ती पुसायची नाही. एका पडद्याला पाच ते दहा मिनिटे द्यावीत. वीस पडदे एका बैठकीत संपवण्याची घाई नको.

नंतर ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने बोटाभोवती गुंडाळून फिरवावा. शेवटी टेप तशीच ठेवून मऊ फडक्यावर थोडे ब्रासो घेऊन चमकवावे. पडद्यावर बोट फिरवले तर काचेसारखे लागले पाहिजे. धातूचा भुसा स्वयंपाकाच्या जागेपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावा. तोंडावर रुमाल बांधावा, काम झाल्यावर ओल्या फडक्याने जागा पुसावी आणि हात साबणाने धुवावेत. नवी तार चढवताना तिचे टोक डोळ्याशी येते, तेव्हा चष्मा असेल तर लावावा.

उन्हाळा आणि पत्र्याचे घर

एप्रिल-मेमध्ये, विशेषतः नागपूर-अकोल्याकडे, एक वेगळीच तक्रार येते. मानेच्या कडेने पडद्यांची टोके बाहेर येतात आणि हात फिरवला की ओरखडे उठतात. पडदे वाढलेले नसतात. कोरड्या हवेत लाकूड रुंदीला आक्रसते, धातू आहे तसाच राहतो. येथे लगेच कानस चालवू नये. गिटार पिशवीत ठेवून, पिशवीत भोके पाडलेल्या साबणदाणीत ओलसर स्पंज ठेवावा. पाणी गळता कामा नये. आठवड्याभरात फरक पडतो का ते पाहावे. तरीही टोचत असेल तर चपटी कानस मानेच्या कडेने तिरपी फिरवून टोके बोथट करावीत. पत्र्याच्या घरात दुपारी वरच्या माळ्यावर गिटार ठेवू नये. त्या उष्णतेने गोंद सैल होतो आणि घोडी उचकटते. जमिनीलगत, आतल्या भिंतीशी, चादरीत गुंडाळून ठेवणे उत्तम.

पडदे अगदीच गेले असतील तर?

पडदा नखाला जाणवेनासा झाला असेल, तर तो बदलावाच लागतो. जुना पडदा कय्याने तापवून चिमट्याने उचलायचा आणि नवा ठोकायचा, हे काम पहिल्याच खेपेला मुलाच्या एकुलत्या एका गिटारीवर करू नये. भंगारात मोडकी गिटार मिळाली तर तिच्यावर हात बसवावा. लेव्हल करण्याचा सरावही आधी तिच्यावरच केलेला बरा.

तोवर अशा गिटारीचा आणखी एक उपयोग आहे. नटाखाली आधार देऊन तारा उंच कराव्यात, गिटार मांडीवर आडवी घ्यावी आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवून वाजवावी. यात तार पडद्याला टेकतच नाही, म्हणून पडदे झिजलेले असले तरी बिघडत नाही. पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच रीतीने गिटारीवर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीलाच जास्त तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा पडदे गेले म्हणून गिटार लगेच भंगारात देऊ नये.

दुरुस्ती झाल्यावर पहिला तक्ता काढा आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा पुन्हा वाजवून पाहा. आधी जेथे फुली होती तेथे आता काय होते, ते मुलालाच लिहू द्या. सूर स्वच्छ येऊ लागल्यावर निदान तीन महिने त्याला शिकू द्या. हाताविषयी काय बोलायचे ते त्यानंतर बोला. आणि वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे कानस पुन्हा लवकर काढावी लागणार नाही.